पळी उभी राहील असं सूप!

थाय करी झाली, मेक्सिकन झालं, पास्ता तर आता ऑफिसच्या डब्यातही दिसतो. मग पुढचा नंबर कुणाचा? मला विचाराल, तर नायजेरियाचा! मागे एका कामानिमित्त मी लागोसमध्ये मावसभावाकडे तीन आठवडे राहिले. काम संपायचं चारला, आणि त्यानंतर मी शेजारच्या आंटींच्या किचनमध्ये. (तिथेही वयाने मोठ्या बाईला ‘आंटी’च म्हणतात. नाव घेऊन हाक मारलीत, तर संपलंच!)

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करू या. सूप म्हटल्यावर आपल्यासमोर येतो तो बोल, चमचा आणि वर तरंगणारे क्रूटॉन्स. नायजेरियन सूप यातलं काहीच नाही. ते पिठल्यासारखं दाट असतं आणि हाताने खायचं असतं. सोबत असतो ‘स्वॅलो’, म्हणजे कुटलेल्या यामचा, कसाव्याच्या गरीचा किंवा यामच्या पिठाचा मऊ गोळा. त्याचा लहानसा घास तोडायचा, बोटांनी खळगा करायचा, त्यात सूप भरायचं आणि न चावता गिळायचं. म्हणून तर नाव स्वॅलो! स्ट्यू हा वेगळा प्रकार. टोमॅटो, लाल मिरच्या आणि कांदा वाटून, पाणी पार आटवून, तेल सुटेपर्यंत परतलेला लाल रस्सा. तो मुख्यतः भातावर घेतात.

एक देश, अनेक पातेली

नायजेरियात अडीचशेहून जास्त भाषिक समाज आहेत, त्यामुळे ‘नायजेरियन सूप’ म्हणणं म्हणजे ‘भारतीय भाजी’ म्हणण्यासारखं आहे. नैर्ऋत्येकडच्या योरुबांचं एफो रिरो हे पालेभाजीचं सूप. आग्नेयेकडचे इग्बो ओहा सूप दाट करायला अळूच्या जातीचा कंद उकडून, कुटून घालतात. क्रॉस रिव्हर आणि अक्वा इबोम भागातल्या एदिकांग इकाँगमध्ये दोन पालेभाज्या असतात, त्यातली वॉटरलीफ स्वतःच इतकं पाणी सोडते की वरून जवळपास घालावंच लागत नाही. उत्तरेतल्या हौसा घरांत मियान कुका होतं, ते वाळवलेल्या बाओबाबच्या पानांच्या भुकटीचं. बाओबाब म्हणजे आपली गोरखचिंच.

आणि इथे मला खरी गंमत कळली. एफो रिरोसाठी आंटी जी ‘शोको’ची पानं आणायच्या, ती वनस्पतिशास्त्राच्या भाषेत सेलोशिया अर्जेंटिया. म्हणजे चक्क आपला कुरडू! पावसाळ्यात कोकणात आणि घाटावर रानभाजी म्हणून करतात तोच. दुसरी पालेभाजी ‘तेते’ ही आपल्या माठाची बहीण. हौसा लोकांची ‘यकुवा’ म्हणजे अंबाडी. हजारो किलोमीटरवरच्या बाजारात मी उभी होते आणि टोपलीत सगळे ओळखीचे चेहरे!

भेंडीच्या बाबतीत मात्र आपण आणि ते अगदी विरुद्ध टोकांना. आपण भेंडीचा चिकटपणा जावा म्हणून आमसूल टाकतो, ताक टाकतो. तिथे तार जितकी लांब, तितकी सुगरण मोठी! तार वाढावी म्हणून चिमूटभर ‘कौन’ नावाचा खार घालतात. ओग्बोनो सूपचीही तीच कथा. जंगली आंब्यासारख्या दिसणाऱ्या एका फळाच्या बियांची ती पूड. आंटींचा नियम असा : पूड आधी मंद आचेवर पामतेलात विरघळवायची, मगच स्टॉक ओतायचा. नाहीतर गुठळ्या.

लंडनहून आलेला प्रश्न

आंटींची मुलगी लंडनला नर्स आहे. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा आणि विषय एकच. ‘‘मम्मी, उगूची पानं नाही मिळाली, पालक घालू?’’ घाल, पण उकळत्या पाण्यातून काढून घट्ट पिळून घाल. ‘‘एगुसी संपली.’’ भोपळ्याच्या बिया वाट. ‘‘रोदो मिरच्या नाहीत.’’ हाबानेरो घे, तिचीच सख्खी बहीण. सगळ्याला ‘हो’ म्हणणाऱ्या आंटी एका रविवारी मात्र अडल्या. मुलगी म्हणाली, ‘‘इरू वगळते. बिल्डिंगमध्ये वासाची तक्रार होते.’’ इरू म्हणजे लोकस्ट बीन नावाच्या झाडाच्या बिया शिजवून, आंबवून केलेला मसाला. वास उग्र, पण चव अशी खोल की मांस नसलं तरी चालावं. आंटी क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘पानं बदल, तेल कमी कर, मांस नको घालू. पण इरू काढलास, तर मग तो नुसता पालक आहे, बाळा.’’

फोन ठेवल्यावर त्या मला म्हणाल्या, ‘‘मला सूपची काळजी नाही गं. नात चार वर्षांची आहे. तिला जो वास घरचा वाटेल, तोच तिचं घर होणार.’’ यावर मी काय बोलणार? परदेशात बहिणीच्या फ्लॅटमध्ये खिडक्या लावून सुकट भाजलेली माझ्या आईने पाहिली आहे. तिला हे वाक्य लगेच कळलं असतं.

बदल फक्त परदेशात होतो असं नाही

तसं पाहिलं तर परंपरा स्वतःच बदलत आली आहे. उत्तर नायजेरियात इरूसारखाच ‘दावादावा’ आता सोयाबीनपासूनही करतात. स्टॉकफिश म्हणजे नॉर्वेहून येणारा वाळवलेला कॉड मासा. १९६७ ते १९७० च्या बियाफ्रा युद्धात उपाशी लोकांसाठी मदत म्हणून तो मोठ्या प्रमाणावर आला आणि आज अनेक इग्बो सूपांचा तो मानकरी आहे.

कधी बदल आवडीने होतो, कधी नाइलाजाने. २०१६ मध्ये टुटा अब्सोलुटा या किडीने कडुना राज्यातली टोमॅटोची शेतं फस्त केली. सरकारला चक्क टोमॅटोसाठी आणीबाणी जाहीर करावी लागली! २०२३ मध्ये नायराचा भाव घसरला आणि २०२४ मध्ये अन्नपदार्थांची महागाई ४० टक्क्यांच्या वर गेली. अशा वेळी पातेल्यात टोमॅटो कमी आणि मिरच्या-कांदा जास्त होतो, मांसाचे तुकडे लहान होतात, इरूच्या जोडीला सीझनिंग क्यूब येतो. लंडनमधली मुलगी दुकानात मिळत नाही म्हणून बदल करते, आणि लागोसमधली शेजारीण परवडत नाही म्हणून. आंटींच्या मते दोघीही सुगरणीच.

करून बघा : एफो रिरो (चौघांसाठी)

माठ किंवा कुरडू अर्धा किलो, उकळत्या पाण्यातून काढून पिळून चिरलेला. लाल सिमला मिरच्या ३, एक-दोन तिखट मिरच्या आणि एक कांदा, हे सगळं जाडसर वाटून घ्या. पाव कप लाल पामतेलात अर्धा चिरलेला कांदा आणि दोन चमचे इरू परता. वाटण घालून तेल सुटेपर्यंत, साधारण १५ मिनिटं परता. शिजवलेलं मटण किंवा सुका मासा, दोन चमचे सुक्या कोळंबीची पूड आणि मीठ घाला. शेवटी पाला घालून फक्त पाच मिनिटं. पाणी अजिबात नको!

हे नसेल तर ते

एगुसी : मगज किंवा भोपळ्याच्या बिया, कोरड्या वाटून.

क्रेफिश : सुकट किंवा सोड्याची पूड.

इरू : नागालँडचं अखुनी किंवा जपानी नात्तो. दोन्ही आंबवलेल्या सोयाबीनची, म्हणून नातं जवळचं.

कौन : चिमूटभर खाण्याचा सोडा.

लाल पामतेल : इथे जरा सांभाळून. आपल्या दुकानातलं पामतेल रिफाइंड असतं, त्यातला रंग आणि वास दोन्ही काढलेले. ते वापरलंत तर सूप होईल, पण लाल पामतेलाची चव येणार नाही. शेंगदाण्याचं तेल त्यापेक्षा बरं.

कुटलेला याम : चक्क गरमागरम मऊ भाताचा गोळा. उत्तरेत ‘तुवो शिंकाफा’ म्हणून हाच खातात.

तर मग, येत्या वीकेंडला मंडईत कुरडू दिसला तर दोन जुड्या जास्त घ्या. चमचे मात्र ड्रॉवरमध्येच राहू द्या!