पाण्यात उतरण्याआधी आदल्या रात्रीचा हिशेब

२०२० च्या सप्टेंबरात आपल्या देशाचा अमिरातीशी करार झाला आणि आपल्या मंडळींची दुबईची वारी सुरू झाली. आम्ही म्हातारी माणसं सोन्याचा बाजार, बुर्ज खलिफा पाहतो, अत्तराची बाटली घेतो आणि परत येतो. नातवंडांचं तसं नाही. सैन्यातून सुटलेली, एलातच्या पाण्यात डायव्हिंगचं कार्ड मिळवलेली पोरं दुबईत एक रात्र काढतात आणि सकाळी गाडी करून पूर्व किनाऱ्याला, फुजैराकडे निघतात. तिथे डिब्बा रॉक आहे, स्नूपी आयलंड आहे, कासवं आहेत, रंगीत मासे आहेत.

सुट्टी म्हटली की संध्याकाळी बाटली उघडते. काहींच्या सामानात गांजाही असतो, नाहीतर ती वाफेची पेनं. घरात ते आमच्यापासून फारसं लपवत नाहीत. "सावता, सगळेच घेतात," म्हणतात. सगळेच नाही घेत, पण घेणारे आहेत हे खरं. ब्रिटनमध्ये प्लिमथच्या संशोधकांनी हौशी डायव्हरांना नाव न विचारता प्रश्न विचारले होते, ते २०११ साली छापून आलं. डायव्हिंग शिकल्यापासून कधी ना कधी नशेचे पदार्थ घेतल्याचं पाचांतल्या साधारण एकाने कबूल केलं, आणि त्यात गांजाच पुढे होता. आम्ही नर्स म्हणून आयुष्य काढलेल्या बायका. ओरडून काय होतं ते आम्हाला माहीत आहे, काही होत नाही. म्हणून शरीरात काय घडतं आणि त्या देशात काय घडतं तेवढंच सांगतो.

मुलांनो, आधी तुमच्यासाठी थोडं. सोड्याची बाटली बंद असते तेव्हा आत एकही बुडबुडा दिसत नाही. झाकण फिरवलं की फस्‌ करून बुडबुडेच बुडबुडे. दाब कमी झाला की विरघळलेला वायू बाहेर पडतो, एवढीच त्यातली गोष्ट. आपण श्वास घेतो त्या हवेत पाचांतले चार भाग नायट्रोजन आहे. दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट. तेवढा जास्त नायट्रोजन रक्तात आणि चरबीत विरघळतो. सावकाश वर आलं तर तो फुप्फुसांतून निघून जातो. घाईने वर आलं तर आपणच सोड्याची बाटली होतो. सांधे दुखतात, हातापायांना मुंग्या येतात, चक्कर येते, कधी पाय लुळे पडतात. याला डायव्हर लोक बेंड्स म्हणतात. हॉल्डेन नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने बकऱ्यांवर प्रयोग करून किती वेगाने वर यावं याचे तक्ते १९०८ साली छापले. बिचाऱ्या बकऱ्या! पण त्यांच्यामुळे पुष्कळ माणसं वाचली.

त्या समुद्राशी आपलं नातं जुनं आहे, हे जाता जाता सांगायला हवं. आपल्या आज्या-पणज्या नथीतल्या ज्या मोत्यांना बसऱ्याचे मोती म्हणायच्या, ते याच आखातातले. दुबई, अबुधाबीचे पाणबुडे ते काढत आणि मोती विकले जात आपल्या मुंबईच्या बाजारात. कितीतरी वर्षं तिथे रुपयाच चालत होता. १९५९ साली रिझर्व बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला आणि तो १९६६ पर्यंत चालला. तो पाणबुड्या नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून एका श्वासात खाली जाई, दोरी वरच्या माणसाच्या हातात. सकाळी दोन-चार खजूर आणि घोटभर कॉफी, पोटभर जेवण सूर्य बुडाल्यावर. भरल्या पोटाने खाली जायचं नाही हे त्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या माणसांना कोणी शिकवलं नव्हतं. आता दुबईत नद अल शेबाला शिंपल्याच्या आकाराची इमारत आहे, आत साठ मीटर खोल तलाव. २०२१ साली तो उघडला. त्या पाणबुड्यांची आठवण म्हणून तो आकार.

आता दारूकडे वळू. तीस मीटरच्या आसपास नायट्रोजन स्वतःच नशा चढवू लागतो. कूस्तोने त्याला खोल पाण्याची धुंदी म्हटलं होतं. दर दहा मीटरला उपाशीपोटी एक मार्टिनी, असा डायव्हरांचा जुना विनोद आहे. (खोर फक्कानजवळ डायव्हिंगची एक जागा आहे, तिचं नावच मार्टिनी रॉक. खोर फक्कान शारजाच्या हद्दीत येतं आणि शारजात दारूला पूर्ण बंदी!) या धुंदीवर आदल्या रात्रीची दारू आली तर काय होईल ते सांगायला डॉक्टर नको.

पोरं म्हणतात, रात्री घेतली, सकाळी झोपून उठलो, उतरली. उतरते का? यकृत तासाला साधारण एक माप दारू मोडतं. कॉफीने, थंड आंघोळीने, लिंबूपाण्याने तो वेग वाढत नाही. हॉटेलातला मोठा पेग म्हणजे दोन मापं. रात्री अकराला सुरू करून पाच मोठे पेग घेतले तर दहा मापं झाली, सकाळी नऊच्या बोटीत चढताना शेवटचं माप जेमतेम उतरतंय. आणि रक्तातली उतरली तरी शरीर सुकलेलंच असतं, कारण दारू लघवीवाटे पाणी काढते. त्यात विमानातली कोरडी हवा, वर चाळिसाचं ऊन, आणि पाण्यात बुडालं की शरीर आपणहून आणखी लघवी करतं. सुकलेल्या माणसाचं रक्ताभिसरण मंदावतं आणि नायट्रोजन नीट बाहेर पडत नाही, असं या विषयातले डॉक्टर मानतात. मळमळ वेगळीच. पंधरा मीटर खाली, तोंडात रेग्युलेटर असताना उलटी झाली तर? विचार करा.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट आम्हाला वाटते ती अशी. डोकं दुखणं, गळून जाणं, मळमळ, चक्कर ही हँगओव्हरची लक्षणं. बेंड्सचीही सुरुवात तशीच असते. मुलगा म्हणतो, रात्रीची जास्त झाली, जरा पडतो. मित्र पडदे ओढतात. इकडे ज्या तासांत ऑक्सिजन आणि दाबाचं चेंबर मिळायला हवं, ते तास झोपेत जातात.

गांजाचं वेगळं आहे. आपल्या मुंबईच्या दिवसांत होळीला भांग प्यायलेली माणसं हसत सुटायची आणि वेळेचं भान जायचं. पाण्याखाली वेळेचं भान हाच तर जीव. किती मिनिटं झाली, टाकीत किती हवा उरली, हे क्षणाक्षणाला पाहावं लागतं. गांजाने हृदयाचे ठोके वाढतात, कोणाकोणाला एकाएकी भीती वाटते. घाबरलेला माणूस श्वास रोखून वर धावतो. दहा मीटरवरून वर येताना फुप्फुसातली हवा दुप्पट फुगते. श्वास रोखला असेल तर फुप्फुस फाटतं. खाण्याचा गांजा, ती गोळ्या-बिस्किटं, त्यांची नशा तास-दीड तासाने चढते, म्हणजे बोटीवर शहाणा दिसणारा मुलगा खाली गेल्यावर गुंगतो.

आणि कायदा. आपल्याकडे २०१९ पासून पहिल्यांदा सापडलं तर दंडावर भागतं. पोरांना वाटतं जग असंच आहे. २००७ साली दुबईच्या विमानतळावर एका इंग्रज प्रवाशाच्या बुटाला चिकटलेला ०.००३ ग्रॅम गांजा सापडला आणि त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. साखरेच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा! २०२२ च्या जानेवारीपासून नवा कायदा लागू झाला. पहिल्या वेळेची कमीत कमी शिक्षा दोन वर्षांवरून तीन महिन्यांवर आली आणि परदेशी माणसाला देशाबाहेर काढायचंच असंही राहिलं नाही. पण तीन महिने हेही तुरुंगाचेच. गांजा खिशात असावा लागतो असंही नाही, रक्तात-लघवीत सापडला तरी गुन्हा. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तो आठवड्यांनीही दिसतो. म्हणजे तेल अवीवला ओढलेला तिथे सापडू शकतो.

हे फक्त नातवंडांसाठी नाही हं. आपल्यातल्या पुष्कळ जणांना कुपात खोलीमच्या डॉक्टरने सांधेदुखीसाठी, कर्करोगाच्या वेदनांसाठी गांजाचं तेल दिलेलं आहे. इथला परवाना तिथे चालत नाही. सीबीडी तेलही नको. कोडीन, ट्रामाडोल यांसारख्या गोळ्यांसाठी तिथल्या आरोग्य मंत्रालयाची परवानगी आधीच काढावी लागते. चिठ्ठी पिशवीत आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

दारूचं तिथे अमिरातीगणिक वेगळं. दुबईत, फुजैरात एकवीस वर्षांवरच्या पाहुण्याला हॉटेलात मिळते, शारजात नाही. डिब्बा नावाची तर तीन गावं एकमेकांना लागून आहेत, एक फुजैराचं, एक शारजाचं, एक ओमानचं. गाडीच्या डिकीत बाटली ठेवून फिरणाऱ्याला आपण कोणत्या हद्दीत आहोत याचा पत्ता नसतो. पिऊन गाडी चालवण्याला तर कुठेच माफी नाही, एका घोटालाही.

म्हणून तुमची पोरं निघाली की आम्ही इथे काय काय विचारतो ते सांगून ठेवतो. परतीचं विमान कधी? एकदाच बुडी मारली असेल तर विमानाआधी निदान बारा तास जायला हवेत, बऱ्याच बुड्या मारल्या असतील तर निदान अठरा. विमानात दाब कमी असतो, पुन्हा तीच सोड्याची बाटली. डोंगरावरही तेच, म्हणून दुपारपर्यंत डायव्हिंग आणि संध्याकाळी रास अल खैमाचा जेबेल जैस पाहू, असा बेत नको. तो १९०० मीटरच्या वर आहे. विम्याच्या कागदात स्कुबा लिहिलंय का? आणि नशेत झालेल्या अपघाताला पैसे देत नाही असं कलम बहुतेक कागदांत असतं, तेही वाचून घ्या म्हणतो.

शेवटी एक अवघड गोष्ट. वर आल्यावर मुंग्या आल्या, पाय जड झाला, नीट बोलता येईना, तर त्या मुलाने काय घेतलंय ते डॉक्टरला सांगायचं की नाही? तिथल्या कायद्याची भीती खरी आहे, आम्ही ती खोटी म्हणणार नाही. पण दारूने तोल जातोय की मेंदूत बुडबुडा अडकलाय, हे ओळखायचा प्रयत्न करणाऱ्या डॉक्टरला अर्धी माहिती देऊन चालत नाही. वॉर्डात आम्ही अशी लपवाछपवी पुष्कळ पाहिली, बहुतेक वेळा आईबापांच्या भीतीने केलेली. मुलाने नाही सांगितलं तर जोडीदाराने सांगावं. आणि कोणी काही ठरवेपर्यंत बोटीवरचा ऑक्सिजन लावून त्याला आडवं झोपवावं. तो लावायला कोणाचीच परवानगी लागत नाही.