कोरडवाहू जमिनीची पारख

जमीन काळी म्हणजे ज्वारीची, हा समज सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात अनेकदा महागात पडतो. तेथे कोरडवाहू रब्बी पीक मुख्यतः मातीत मुरलेल्या ओलीवर वाढते. म्हणून रंगापेक्षा खोली महत्त्वाची. मुरूम लागेपर्यंत खड्डा खणून ती मोजता येते. काळ्या मातीचा थर 45 सेंटीमीटर असल्यास पिकाला मिळणारी ओल सुमारे 60 मिलिमीटर भरते. 90 सेंटीमीटर असल्यास दुपटीहून अधिक. मंगळवेढ्याची ज्वारी पोसते ती याच शिदोरीवर. वीतभर मातीखाली मुरूम लागला, तर तेथे रब्बी ज्वारी पेरणे म्हणजे बियाणे गमावणेच. अशा रानात खरिपात मटकी, कुळीथ घ्यावा किंवा गवत राखावे. एकाच गटात चढाला व सखल भागात थर निराळा असतो. तेव्हा खड्डे दोन-तीन ठिकाणी घ्यावेत.