विस्थापित मुले आणि चित्रकला

जुलै 1983 मधील दंगलींनंतर श्रीलंकेतील हजारो तमिळ कुटुंबे पाल्कची सामुद्रधुनी ओलांडून तामिळनाडूत आली. 21 मे 1991 रोजी श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधींची हत्या झाली आणि ज्यांचा तिच्याशी काडीचाही संबंध नव्हता अशा छावणीवासीयांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. अशा वातावरणात मोठी माणसेच जपून बोलतात. मग मुलांनी मन मोकळे करावे कोठे? कागद आणि रंग येथे उपयोगी पडतात.

ही वाट जुनी आहे. नाझींनी तेरेझीन येथे कोंडलेल्या ज्यू मुलांना फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या चित्रकर्तीने चित्रकला शिकविली. माणसांचे क्रमांक करणाऱ्या त्या जगात प्रत्येक मुलाने चित्रावर स्वतःचे नाव घालावे, असा त्यांचा आग्रह असे. ऑक्टोबर 1944 मध्ये ऑश्विट्झ येथे त्यांची हत्या झाली. मागे दोन पेट्यांत सुमारे 4,500 चित्रे उरली. त्यांत फुले आहेत, घरेही आहेत.

म्हणून चित्राचा अर्थ लावण्याची घाई शिक्षकाने करू नये. तो मुलाला सांगू द्यावा, आणि सांगावयाचा नसेल तर न सांगण्याची मुभाही द्यावी. मुलाने समुद्र काळा रंगविला, तर त्यामागे भय असेल. किंवा पेटीत निळा खडूच उरला नसेल.