परसांतील कृत्रिम हिरवळ

मुलांनीं मोकळ्या हवेंत खेळावें, असा उपदेश करणें शिक्षकास सोपें असतें. परंतु कोठें खेळावें, हा प्रश्न त्याच्याच घरांत उभा राहिला म्हणजे त्याची तारांबळ उडते. आमची तशीच उडाली. ज्यांच्या घरामागें अद्याप परसू शिल्लक आहे आणि ज्यांच्या घरांत नातवंडें आहेत, अशा वाचकांच्या उपयोगी पडावा म्हणून तो अनुभव येथें सांगत आहों.

आमचें घर कृष्णाकांठच्या एका गांवीं आहे. आम्ही व आमचे धाकटे बंधु एकत्र राहतों. घरांत लहानमोठीं पांच मुलें. तीं समोरच्या रस्त्यावर खेळत. दोन वर्षांपूर्वीं चेंडूमागें धांवणारी आमची नात मोटारसायकलीखालीं येतां येतां वांचली, आणि त्या दिवसापासून रस्ता बंद झाला. मुलें मोबाइल घेऊन माजघरांत बसूं लागलीं. तेव्हां बंधूंनीं सुचविलें कीं, परसांत कृत्रिम हिरवळीचें क्रीडांगण करावें. आम्हांस तें रुचलें नाहीं. ज्या मातींत मातोश्रींनीं पन्नास वर्षें अळू, कर्दळ व पारिजातक जोपासला, तिच्यावर प्लॅस्टिकचें गवत अंथरावयाचें, ही कल्पनाच सहन होईना. "तुम्हांस वाटेल तें करा," असें म्हणून आम्ही बाजूस झालों.

बंधु दिवसभर कामावर आणि आम्ही रुसलेले. देखरेख करणार कोण? कंत्राटदारानें तण काढलें, माती थोडी चोपली व दोन दिवसांत गालिचा अंथरून तो निघून गेला. दिसावयास काम मोठें देखणें होतें. परंतु आमची जमीन काळी. उन्हाळ्यांत भेगाळणारी, पावसांत फुगणारी. मृगाच्या सरी आल्या तशी जमीन खालींवर झाली, पाणी तुंबलें, सांधे उकलले. एके संध्याकाळीं अशाच एका सांध्यांत पाय अडकून तीच नात पडली व तिचें मनगट मोडलें. रस्त्यावर वांचलेली मुलगी घराच्या आवारांत जायबंदी झाली! त्या रात्रीं मातोश्री इतकेंच म्हणाल्या, "अरे, पस्तीस वर्षें लोकांच्या मुलांचा पाया पक्का केलास, घरच्या मुलांच्या पायाखालीं काय आहे, तें बघायला तुला सवड झाली नाहीं?"

हा बोल आम्हांस लागला, आणि आम्हीं या विषयाचा अभ्यास आरंभिला. प्रथम शब्दच पाहिला. 'कृ' या धातूपासून झालेल्या 'कृत्रिम' शब्दाचा मूळ अर्थ 'करून सिद्ध झालेलें' असा आहे. त्यांत खोटेपणाचा दोष मागाहून चिकटला. मग इतिहास पाहिला. या गवताची कल्पना अमेरिकेंत निघाली, ती शहरांतील मुलांना खेळावयास जागा नाहीं या चिंतेंतून. आणि १९६४ सालीं प्रॉव्हिडन्स येथील मोझेस ब्राउन शाळेंत तें प्रथम मोठ्या प्रमाणावर अंथरलें गेलें. ह्यूस्टन येथील ॲस्ट्रोडोम या छप्पर असलेल्या क्रीडागृहांत खरें गवत जगेना, म्हणून १९६६ सालीं तेथें तें आलें व त्यावरून 'ॲस्ट्रोटर्फ' हें नांव रूढ झालें. आपणांस त्याचा चटका बसला तो १९७६ सालीं. माँट्रिअल ऑलिंपिकमध्यें हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर झाली, आणि १९२८ पासून प्रत्येक वेळीं पदक आणणारा भारत सातवा आला. नवें आवडत नाहीं म्हणून तें टळत नाहीं, हा धडा आम्हांस शाळकरी वयांतच मिळाला होता. आम्ही तो विसरलों होतों.

दुसऱ्या खेपेस आम्ही स्वतः खुर्ची टाकून परसांत बसलों. वीस फूट रुंद व चाळीस फूट लांब अशी जागा नऊ इंच खणविली. पाणसळ लावून रुंदीकडे शंभरास एक या मानानें, म्हणजे सुमारें अडीच इंच, उतार ठेविला. खडी काळ्या मातींत रुतूं नये म्हणून तळाशीं जिओटेक्स्टाइलचें जाड कापड घातलें; त्यावर खडीचे दोन थर, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर, व वर बारीक कच. कांक्रीट मुद्दाम टाळलें. गालिच्यास बारीक छिद्रें असतात, त्यांतून उतरलेलें पाणी खडींतून जमिनींत मुरतें व आमची विहीर उपाशी राहत नाहीं. नवा गालिचा कांहीं तास उन्हांत पसरून ठेविला म्हणजे त्याच्या वळकट्या जातात. सर्व पट्ट्यांची लव एकाच दिशेस ठेवून सांधे खालून पट्टी व डिंक लावून जोडले. शेवटीं धुतलेली वाळू लवेंत झाडून बसविली. जुन्या टायरांचे रबरी दाणे घेतले नाहींत. ते पावसाबरोबर वाहून मातींत मिसळतात. युरोपीय संघानें २०२३ सालीं अशा दाण्यांच्या विक्रीवर, आठ वर्षांची मुदत देऊन, बंदी ठरविली आहे.

या हिरवळीचा मोठा दोष म्हणजे उष्णता. अमेरिकेंतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठांत झालेल्या पाहणींत ती डांबरी रस्त्याहूनही अधिक तापल्याचें आढळलें. पाणी शिंपडून सुमारें २९ अंशांवर आणलेला पृष्ठभाग पांच मिनिटांत पुन्हा ४९ अंशांवर गेला. म्हणून आमच्या घरीं सकाळीं नऊपर्यंत व सायंकाळीं पांचनंतरच खेळ; अनवाणी पाय भर उन्हांत तेथें टाकावयाचा नाहीं.

जागा आंखण्यापूर्वीं मात्र आम्हीं मातोश्रींस विचारलें. त्यांनीं काठी टेकीत येऊन पारिजातकापासून चार हातांवर रेघ ओढली व म्हटलें, "इथवर तुमचें, इकडे माझें." ती रेघ आम्हीं पाळली. अळू व कर्दळ अजून मातींतच आहेत. वाऱ्यानें पारिजातकाचीं कांहीं फुलें हिरवळीवर येतात. सकाळीं खेळावयास उतरण्यापूर्वीं नात तीं वेंचून पणजीच्या परडींत घालते. मनगट आतां पूर्ववत् झालें आहे.

ज्यांस असें अंगण करावयाचें असेल त्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, गालिच्याचा रंग निवडण्यांत वेळ दवडूं नये. खालचें काम मात्र डोळ्यांदेखत करून घ्यावें. आणि घरांतील वडील माणसांनीं मत विरुद्ध असलें तरी रुसून आंत बसूं नये. आमच्या रुसण्याची किंमत एका नऊ वर्षांच्या मुलीनें दिली.