परवाना कशासाठी?

अंतर्गत सजावट म्हटली की पडद्यांचे रंग, भिंतीवरील चित्रे आणि नक्षीदार फर्निचर डोळ्यांपुढे उभे राहते. कलाशाखेच्या पुष्कळ विद्यार्थ्यांना या व्यवसायाची ओढ वाटते. मग प्रश्न येतो : त्याचा परवाना कोण देतो?

आपल्याकडे असा परवानाच नाही. १९७२ च्या कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झाल्यावाचून कोणालाही 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही. 'इंटीरिअर डिझायनर' या नावाला मात्र असे कुंपण नाही. त्याच वर्षी स्थापन झालेल्या 'इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटीरिअर डिझायनर्स'चे सभासदत्व मानाचे खरे, पण ऐच्छिक. चार वर्षे शिकून पदवी घेतलेला आणि कालच दारावर पाटी लावलेला, दोघेही 'डिझायनर'च!

अमेरिकेत या प्रश्नाचा बराच खल झाला. तेथे शिक्षण, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि तीन भागांची 'एनसीआयडीक्यू' परीक्षा अशी वाट आहे. आलाबामा राज्याने १९८२ साली या उपाधीला प्रथम कायद्याचे संरक्षण दिले. पुढे २००१ च्या कायद्याने तेथे व्यवसायावरच बंधन घातले. पण २००७ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरविला. उशी कोणत्या रंगाची असावी हे सांगायला सरकारी परवाना कशाला, हा विरोधकांचा सवाल अगदीच गैर म्हणता येणार नाही.

परंतु सजावट उशीपाशी थांबत नाही. आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे का, विजेच्या तारांवर भार किती, आड येणारी भिंत नुसता आडोसा आहे की वरच्या मजल्याचा आधार, हे सारे त्यात येते. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरची सिद्धीसाई इमारत कोसळून १७ माणसे दगावली. तळमजल्यावरील फेरफारांमुळे ती पडली, असा आरोप झाला. रंग चुकला तर पुन्हा देता येतो. तोडलेला खांब माणसे परत देत नाही.

म्हणून या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्याने रीतसर अभ्यासक्रम पुरा करावा, अनुभवी माणसाच्या हाताखाली उमेदवारी करावी, सुतार-गवंड्यांकडूनही शिकावे. भिंतीला वा खांबाला हात लावण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला आणि नगरपालिकेची परवानगी घ्यावी. गिऱ्हाईक घाई करील, "एवढ्याशा भिंतीला काय विचारायचे?" म्हणेल. तेव्हा "नाही" म्हणण्याचे बळ अंगी असणे, हाच कायद्याने न मागितलेला परवाना होय.