सेंटर स्पीकर उभा करून पाहा

पुणे-नगर रस्त्यावर सणसवाडीला आमचं घर. गेल्या दिवाळीत माळा आवरताना जुन्या होम थिएटरचा सेंटर स्पीकर हाती लागला. डीव्हीडी प्लेअर केव्हाच बंद पडलेला, सबवूफर भंगारात गेलेला. हा मात्र ठणठणीत. शिक्रापूरला मेव्हण्यांकडे अगदी तस्साच दुसरा पडून होता. म्हटलं, दोन झाले की झाला स्टिरिओ! दोन्ही शोकेसवर आडवे मांडले, अ‍ॅम्प्लिफायर जोडला आणि वडिलांसाठी ‘गीतरामायण’ लावलं. दोन गाणी झाली आणि कोपऱ्यातल्या आरामखुर्चीतून दादा म्हणाले, “शब्द पूर्वीसारखे कळत नाहीत रे. कान गेले आता माझे.”

कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. संध्याकाळी सहज त्यांच्या खुर्चीत बसलो, तर मलाही शब्द बोथटच ऐकू आले!

यामागचं कारण साधं आहे. सेंटर स्पीकर टीव्हीखाली मावावा म्हणून आडवा केलेला असतो. मध्ये बारीक आवाजाचा ट्वीटर, दोन्ही बाजूंना एकेक वूफर. समोर बसलात, तर दोन्ही वूफरांचा आवाज एकदम पोहोचतो. बाजूला सरकलात, की एकाचा आधी, दुसऱ्याचा किंचित नंतर. दोन वूफरांच्या मध्यांत ३० सेंटिमीटर अंतर असेल आणि तुम्ही ३० अंश बाजूला असाल, तर हा फरक १५ सेंटिमीटरचा होतो. सुमारे ११५० हर्ट्झच्या लहरीची ही बरोबर निम्मी लांबी. एकीचा चढ दुसरीच्या उतारावर पडतो आणि तो स्वर जवळजवळ पुसला जातो. शब्दांचा ठसठशीतपणा साधारण याच भागात आणि त्याच्या वर असतो.

गंमत म्हणजे, दोन स्पीकर आणि ऐकणारा असा समभुज त्रिकोण केला आणि स्पीकर सरळ भिंतीसारखे समोर ठेवले, तर अगदी मधे बसणाराही प्रत्येक स्पीकरच्या ३० अंश बाजूलाच असतो! म्हणून ते ऐकणाऱ्याकडे वळवावेत. त्याहून उत्तम म्हणजे उभे करावेत. मग वूफर एकावर एक येतात आणि खोलीत कुठेही बसा, दोघांचं अंतर जवळपास सारखंच राहतं. ट्वीटर मात्र कानाच्या उंचीला हवा. आम्ही दोन स्टुलं वापरली.

जोडी एकाच मॉडेलची हवी. तारांची लाल-काळी बाजू दोन्हीकडे सारखी जोडा. एकीकडे उलटी झाली, तर खर्ज हरवतो आणि गायक नेमका कुठे उभा आहे तेच कळत नाही. डग्ग्याचा घुमार कमीच मिळेल, कारण ८० हर्ट्झच्या आसपासचं आणि खालचं काम सबवूफरवर सोपवूनच हे डबे बनवलेले असतात. भिंतीजवळ सरकवले तर थोडी भर पडते. सेटसोबत येणाऱ्या, एकाच छोट्या कर्ण्याच्या डबीकडून मात्र काही अपेक्षा ठेवू नका.

आणि ‘गीतरामायण’? १९५५ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ते सुरू झालं, तेव्हा रेडिओ एकाच वाहिनीचा होता. स्टिरिओची कल्पना अ‍ॅलन ब्लुमलाइन यांनी इंग्लंडमध्ये १९३१ सालीच मांडली होती. पण त्या मूळ प्रक्षेपणाला दोन स्पीकर लागतच नाहीत. दादांच्या खुर्चीसमोर एकच उभा केला, तरी पुरे.

तसं केलं. डॉक्टरांची वेळ मी रद्द केली नाही, सत्तरी उलटलीच आहे. दादांनी मात्र आवाज दोन घरं कमी करायला सांगितला.