आखूड काडतुसाची कैफियत

संपादकांना ‘शॉर्ट मॅग्नम’ या आखूड आणि जाड बांध्याच्या शिकारी काडतुसांवर लेख हवा होता, आणि त्यासाठी त्यांनी मला अहिल्यानगर जिल्ह्यात धाडले, याला भूगोलाचे अज्ञान म्हणावे की विनोदबुद्धी, हे प्रथम उमगेना. कारण ज्या जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट 1980 पासून अभयारण्याच्या आश्रयास आहेत, अकोल्याच्या डोंगरात कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचे राखीव रान आहे, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शौक फौजदारी दप्तरात जमा करून टाकला आहे, तेथे शिकारी काडतुसाचे गुणदोष सांगणार कोण? रायफली मात्र आहेत. आजोबांच्या नावाने निघालेला आणि वारसाच्या नावे फेरफार होऊन नातवाकडे आलेला परवाना बागायती वाड्यांवर अद्याप आढळतो. आणि त्यावर नोंदलेले हत्यार रायफल असेल, तर ते बहुधा ईशापूरच्या सरकारी कारखान्यात घडलेली ‘तीनशे पंधरा’ असते.

या ‘तीनशे पंधरा’च्या काडतुसाचा अधिकृत इतिहास थोडक्यात आटोपता येतो. ते मूळचे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचे, 1890 च्या सुमारास मानलिखर रायफलीसाठी सिद्ध झालेले. हिंदुस्थानात त्यास थारा मिळाला तो अंगच्या गुणांपेक्षा एका मनाईहुकुमामुळे. लष्करी मापाची काडतुसे बंडखोरांच्या हाती पडू नयेत म्हणून ब्रिटिश सरकारने ती प्रजेस वर्ज्य केली, तेव्हा लष्कराच्या .303 शी न जुळणारे, परंतु त्याच ली-एनफिल्ड यंत्ररचनेत बसणारे एखादे माप हवे होते, आणि 50 मिलिमीटर लांबीच्या कवचाचे हे काडतूस त्या जागी बिनतक्रार बसले. 1869 साली स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ते घडते. त्याची 244 ग्रेनची जड गोळी सेकंदाला सुमारे 2,000 फुटांच्या वेगाने निघते. आजच्या मानाने ही चाल बैलगाडीची, पण जवळच्या पल्ल्यात तिची धडक हलकी समजू नये.

नगर शहरात बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिराच्या दुकानी मी गेलो, आणि पुढचा सर्व वेळ त्याच्या बाकावरील एका उघड्या मॅगझिनकडे पाहण्यात गेला. काडतूस नळीत शिरते, हे सर्वांस ठाऊक असते. पण ते आत जाऊन नेमके कशावर टेकते, हा प्रश्न मला त्या दिवसापर्यंत पडला नव्हता. ‘तीनशे पंधरा’चे काडतूस बुडाच्या पसरट कडेवर टेकते. ही कड टेकण्याच्या कामी विश्वासू, पण मॅगझिनमध्ये अत्यंत हट्टी: वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेपुढे असेल तरच बोल्ट त्यास सुखाने पुढे ढकलतो, अन्यथा दोन्ही कडा एकमेकींत अडकतात आणि ऐन वेळी बोल्ट जागीच ठप्प होतो. कारागिराने एक काडतूस मुद्दाम उलट्या क्रमाने भरून मला तो अडथळा दाखविला, आणि तो दाखविताना त्याच्या मुद्रेवर जे समाधान होते ते केवळ यंत्राच्या खोड्या पुऱ्या ओळखणाऱ्यालाच लाभते.

या हट्टावर पाश्चात्त्यांनी केलेले दोन उपाय तेथेच समजले. पहिला उपाय इंग्लंडच्या हॉलंड अँड हॉलंड या पेढीचा: कडेऐवजी बुडाजवळ एक उंच पट्टा ठेवावयाचा आणि काडतुसास त्यावर टेकवावयाचे. 1912 चे .375 मॅग्नम असे होते, आणि 1963 च्या .300 विंचेस्टर मॅग्नमनेही तो पट्टा वंशपरंपरेने कमरेस बांधला. दुसरा उपाय म्हणजे पट्टाही नको, काडतूस आपल्या खांद्यावरच, म्हणजे कवच निमुळते होते तेथेच, टेकू द्यावे. 2001 मध्ये बाजारात आलेले .300 विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम, म्हणजेच संपादकांचे ते आखूड काडतूस, या दुसऱ्या पंथाचे. त्याचे कवच सुमारे 53 मिलिमीटरचे, विंचेस्टर मॅग्नमचे 66 हून अधिक. तरीही 180 ग्रेनची गोळी दोन्ही जवळजवळ सारख्याच वेगाने, सेकंदाला 2,900 ते 3,000 फुटांच्या दरम्यान फेकतात. रुंद आणि आखूड दारूच्या थरात ज्वाला अधिक समप्रमाणात पोहोचते, हे तत्त्व 1975 मध्ये पाल्मिसानो आणि पिंडेल या दोघा अमेरिकन नेमबाजांनी आपल्या लहान काडतुसात सिद्ध करून दाखविले होते. काडतूस आखूड म्हणून बोल्टचा फेरा आखूड, म्हणून रायफल हलकी; गुणांची यादी खरोखर आकर्षक आहे.

पण जाड शरीर आणि उभट खांदा यांचा मोबदला मॅगझिनला द्यावा लागतो: चाराऐवजी बहुधा तीनच काडतुसे मावतात, आणि तीही कधी कधी नळीच्या तोंडाशी अडखळतात. रेमिंग्टननेही लगोलग आपली आखूड काडतुसे आणली. विंचेस्टरने 2003 पासून त्याहूनही बुटकी भावंडे काढली. रिक जेमिसन नावाच्या शिकार-लेखकाने कल्पना आपली असल्याचा पेटंटचा कज्जा मांडला (लेखकाने कारखानदारास कोर्टात खेचावे, याचे मला व्यवसायबंधू म्हणून अंमळ कौतुक वाटले). आणि 2006 मध्ये विंचेस्टरचा न्यू हेवन येथील जुना रायफल कारखानाच बंद पडला. .300 चे माप तगले, .270 चे रडतखडत टिकले, बुटकी भावंडे जवळजवळ लोपली. लांब मॅग्नमची काडतुसे गावोगावच्या दुकानात मिळत असताना दोन-चार टक्क्यांच्या सोयीसाठी नवी रायफल घेण्यास फारसे गिऱ्हाईक तयार झाले नाही.

अमेरिकेत निदान गिऱ्हाइकाने निकाल दिला. येथे गिऱ्हाईक निवड करीतच नाही. “साहेब, काडतूस जाड हाय का बारीक, हे आमाला कोण इचारतंय? मिळतंय का, येवढंच बघायचं,” असे तो कारागीर म्हणाला, आणि या एका वाक्यात साऱ्या बाजारपेठेचा तपशील आला. हत्याराची मंजुरी जिल्हाधिकारी कचेरीतून. 2019 च्या दुरुस्तीने एका परवानाधारकास तीनऐवजी दोनच हत्यारे. विकत घेतलेल्या प्रत्येक काडतुसाची नोंद परवान्यावर. ऊस-मक्याच्या शेतात रानडुकरे शिरली तरी वनखात्याच्या परवानगीवाचून घोडा ओढता येत नाही, आणि उसात वाढलेल्या बिबट्याबाबत तर माणसाच्या जिवास धोका ठरला तरी मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी आदेश लागतो.

मग उरतात त्या निवडणुका. आचारसंहिता लागली की परवानाधारकांस हत्यारे ठाण्यात जमा करण्याचे हुकूम सुटतात, आणि निकालानंतर ती परत येतात तेव्हा तेलाचे बोट न लागलेल्या नळीत गंज धरलेला असतो. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, पंचायत समिती अशी रांग लागलेल्या वर्षी कारागिरास दम घेण्यास फुरसत नसते. नव्या रायफलीची विक्री जवळपास थांबली, नेमबाजीस जवळ मैदान नाही, मुलगा या धंद्यात उतरला नाही. तेव्हा त्याचा चरितार्थ सध्या तरी लोकशाहीच्या वेळापत्रकावर चालतो, आणि पुढच्या जमा-पावत्यांची मुदत कधी संपते याची चौकशी तो गिऱ्हाइकांकडे नित्यनेमाने करीत असतो.